गल्लीतले वाचनालय

जानेवारी २०२१. करोनाच्या साथीने मुलांची शाळा सुटली होती. औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) बायजीपुरा वस्तीत एका शाळकरी मुलीने घरची पुस्तके गल्लीतल्या मुलांना वाचायला दिली. पुढे इतर मोहल्ल्यांतही अशी बालवाचनालये निघाली.

आपण थोडे मागे जाऊ. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातले शिक्षणही उर्दूतूनच. सभा भरवायची तर परवानगी लागे. त्यामुळे मराठी वाचनालय हे वाचण्याइतकेच चार माणसांनी एकत्र बसण्याचेही ठिकाण होते. हैदराबाद राज्याने १९५५ मध्ये ग्रंथालय कायदा केला, महाराष्ट्राने १९६७ मध्ये. महाराष्ट्राच्या कायद्यात ग्रंथालय-कर नाही. वाचनालय लोकांनी काढायचे आणि सरकारने अ, ब, क, ड असा वर्ग पाहून अनुदान द्यायचे. म्हणजे जिथे काढणारे कोणी नाही, तिथे वाचनालयही नाही!

गणिताचे अध्यापक रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांतले चौथे म्हणते, वाचकाचा वेळ वाचवा. आम्हांला इथे तेच महत्त्वाचे वाटते. रहदारीचा रस्ता ओलांडून जावे लागणारे वाचनालय आठ वर्षांच्या मुलाला बंद असल्यासारखेच.

मुलांना पुस्तके सुचवायची असतील तर शिक्षकांनी आधी देवघेवीची वही उघडावी. कोणते पुस्तक वारंवार बाहेर जाते ते कळेल. एकदाही न गेलेल्यांची यादी वेगळी करावी. प्रत्येक पुस्तकाला वाचक मिळावा, हे रंगनाथनांचे तिसरे सूत्र तिच्यासाठीच आहे.