कोरणाऱ्याचे नाव

पुस्तकातील चित्र पाहताना ते कोणी काढले, असे आपण कधीतरी विचारतो. ते कोणी कोरले, हे मात्र कोणी विचारीत नाही. थॉमस ब्यूइकने हा प्रश्न जगाला विचारावयास लावला.

इंग्लंडच्या उत्तरेस, टाइन नदीजवळच्या चेरीबर्न येथे एका शेतकरी कुटुंबात १७५३ साली त्याचा जन्म झाला. शाळेतील पाटी चित्रांनी भरली की हा मुलगा खडूने थडग्यांच्या शिळांवर आणि चर्चच्या फरशीवर चित्रे काढी. १७६७ साली, चौदाव्या वर्षी, न्यूकॅसलच्या रॅल्फ बीलबी या नक्षीकाराकडे तो उमेदवारीस राहिला. बीलबींचा हात धातूवर बसलेला. त्यामुळे लाकडाची कामे या पोराकडे आली.

लाकडी ठसे तोपर्यंत बहुधा उभ्या फळीवर सुरीने कापीत. ब्यूइकने बॉक्सवूड या कठीण लाकडाचा आडवा छेद घेतला आणि धातू कोरण्याच्या बारीक कोरणीने त्यावर काम केले. कोरलेली रेघ कागदावर पांढरी उमटते. म्हणून तो जणू काळोखातून उजेड कोरून काढी. ताम्रपटाच्या छपाईला निराळे यंत्र लागे. हा ठसा मात्र खिळ्यांच्या उंचीचा असल्याने मजकुराबरोबरच छापला जाई. त्यामुळे सचित्र पुस्तक स्वस्त झाले.

१७९० साली चतुष्पादांचा ग्रंथ आणि १७९७ व १८०४ साली ब्रिटिश पक्ष्यांचे दोन खंड निघाले. पहिल्या पक्षिखंडाचा मजकूर मुख्यतः बीलबींचा. लेखक म्हणून केवळ आपले नाव यावे, असा त्यांचा आग्रह होता. तो ब्यूइकला मान्य झाला नाही. अखेर मुखपृष्ठावर लेखकाचे नाव आलेच नाही. आकृती ब्यूइकने लाकडावर कोरल्या, एवढेच छापले गेले. त्यानंतर लवकरच दोघांची भागीदारी संपली. मजकूर लिहिणाऱ्याचे श्रमही खरेच होते, हे येथे विसरू नये.

अखेरच्या दिवसांत ब्यूइकने एक मोठा ठसा हाती घेतला होता. हाडे निघालेला, उघड्यावर मरणाची वाट पाहणारा म्हातारा घोडा! मुक्या जनावरांविषयी गोरगरिबांच्याही घरी दया उपजावी, म्हणून हे चित्र स्वस्तात विकण्याचा त्याचा मानस होता. ८ नोव्हेंबर १८२८ रोजी तो निवर्तला आणि ठसा अपुराच राहिला. आयुष्यभर ज्याने आपल्या नावाचा मान राखला, त्याची शेवटची रेघ ज्याला नावच नाही अशा जिवासाठी होती.