पेव : गावाखालचं कोठार

 31 ऑक्टोबरला परदेशात हॅलोविन असतो. आयर्लंड-स्कॉटलंडकडे सुगी संपून थंडी लागते त्या वेळचा हा जुना सण. या रात्री मेलेली माणसं फिरतात अशी समजूत. हल्ली तिकडे कंदील घेऊन जुन्या भुयारांतून फेरी काढतात आणि तिथंच जेवायला बसतात. वैरागला असं काही करायचं तर कुठं जायचं, असं आपल्यातल्या एका तरुण श्रोत्यानं विचारलं. त्यावरून आजचा विषय निघाला.

धाराशिवची लेणी जवळ आहेत. पण ती डोंगरात कोरलेली, साधकांसाठी. आपल्या गावांच्या खालचं भुयार निराळं. त्याचं नाव पेव.

पेव म्हणजे धान्य साठवायचा खड्डा. काळ्या रानात तो टिकत नाही, कारण ती माती ओल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून उंचावरची मुरमाड जागा बघायची. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत मात्र रांजणासारखं पोट. आतून शेणामातीनं सारवायचं, जाळ करून वाळवायचं, तळाला नि कडेला कडबा लावायचा, ज्वारी भरायची आणि वर दगड ठेवून मातीनं लिंपून टाकायचं.

आता यातली खुबी बघा. दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो. बंद पेवातला प्राणवायू तो संपवतो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. त्यात किडा-मुंगी जगत नाही, म्हणून ज्वारी वर्षानुवर्षं राहते. पण ज्या हवेनं किडा मरतो, तिनंच माणूसही मरतो. हा वायू जड, तळाशी बसून राहतो. म्हणून पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. हवा खेळू द्यायची, आधी दिवा सोडून बघायचा. दिवा विझला तर माणसानं वरच थांबायचं. आपल्या भुयारातलं भूत म्हणाल तर हेच. त्याला ना वास, ना रंग.

दुसरी भीती याहून मोठी होती : पेव कुणाचं? ज्याचं पेव भरलेलं, त्याच्या दारात गाव उभं. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बिदरच्या सुलतानाची कोठारं उपाशी लोकांना खुली केली, ही कथा आपल्या जिल्ह्यानं इतकी वर्षं का जपली, ते इथं कळतं. 1876 साली पाऊस गेला आणि सोलापूर जिल्हा होरपळला, तेव्हा सरकारनं धान्याच्या व्यापारात हात घालायचा नाही असं धोरण धरलं. 1877 च्या सुरुवातीला सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्धा किलोहून कमी धान्य पुरे ठरवलं. मजुरी घटवली म्हणून हजारो लोक कामं सोडून गेले. धान्य देशात होतं. भुकेल्याच्या हातात नव्हतं.

आज पेव भाषेत तेवढं उरलंय. एखाद्या गोष्टीचं ‘पेव फुटलं’ असं आपण सहज म्हणतो, पण म्हणणाऱ्यानं पेव पाहिलेलं नसतं. पोती आली, गोदामं आली, पेवं बुजली. काहींवर घरं उभी राहिली, काहींवरून रस्ते गेले.

तेव्हा आपली फेरी अशी काढू. गावातल्या वडीलधाऱ्यांना सोबत घ्यायचं, कुठं कुठं पेवं होती ते विचारायचं, गावठाणाच्या नकाशावर खुणा करायच्या. एखादं उघडं सापडलं तर काठावरूनच बघायचं. आत कुणीही उतरायचं नाही, हौस म्हणूनसुद्धा नाही. जुन्या माणसांना विचारा, पेवातल्या ज्वारीच्या भाकरीला एक उग्र वास यायचा, तो कित्येकांना अजून आठवतो. त्यांचं बोलणं नोंदवून घ्या. मग वर, मोकळ्या हवेत, ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आपण सगळे जेवायला बसू.