सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट आणि जीर्णोद्धाराचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या चर्चवास्तूंचा विचार करू पाहणाऱ्या अभ्यासकास सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट (१८११–१८७८) यांना वगळून पुढे जाता येत नाही. कॅथीड्रले, खेडोपाडीची चर्चे व सार्वजनिक इमारती मिळून आठशेहून अधिक वास्तूंशी त्यांचा संबंध आला. हँबर्ग येथील त्यांच्या सेंट निकोलस चर्चचा १४७ मीटर उंचीचा मनोरा १८७४ मध्ये पुरा झाला, तेव्हा जगात त्याहून उंच इमारत नव्हती. मुंबई विद्यापीठाचे पदवीदान सभागृह (१८७४) व राजाबाई मनोरा (१८७८) यांचे आराखडेही त्यांचेच. मात्र ते स्वतः हिंदुस्थानात कधीही आले नाहीत. तथापि इतिहासाच्या विद्यार्थ्यास त्यांच्या नव्या रचनांपेक्षा त्यांनी केलेला जुन्या चर्चांचा जीर्णोद्धार अधिक विचार करावयास लावतो.

मध्ययुगीन चर्च हे सहसा एका पिढीचे काम नसते. बाराव्या शतकातील कमानीशेजारी चौदाव्या शतकातील खिडकी आणि त्यांवर पंधराव्या शतकातील छप्पर, अशी त्याची घडण असते. १८५० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात स्कॉट यांनी जुन्या चर्चांचा जीर्णोद्धार मूळाशी प्रामाणिक राहून करावा, असा आग्रह धरला होता. परंतु ‘मूळ’ म्हणजे कोणत्या काळचे, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी नव्याने उभा राही. स्टॅफर्ड येथील सेंट मेरी चर्चमध्ये त्यांनी दक्षिणेकडील बाजूचे उत्तरकालीन काम काढून तेथे तेराव्या शतकाची शैली आणावयाचे ठरविले. रेव्हरंड जे. एल. पेटिट यांनी त्यास हरकत घेतली. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील वास्तुविषयक मंडळांनी मात्र स्कॉट यांचा पक्ष उचलून धरला. पुढे १८७० नंतर ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॅथीड्रलमध्ये पूर्वेकडील उत्तरकालीन मोठी खिडकी काढून त्यांनी नॉर्मन पद्धतीची चक्राकार खिडकी बसविली. आज तेथे जाणाऱ्यास जे नॉर्मन काम दिसते, ते एकोणिसाव्या शतकाने केलेले अनुमान आहे.

एवढ्यावरून स्कॉट यांस केवळ विध्वंसक ठरविणे अन्यायाचे होईल. सेंट ऑल्बन्स येथे संताच्या समाधीचे दोन हजारांवर तुकडे सापडले, तेव्हा १८७२ मध्ये ते जुळवून समाधी पुन्हा उभी करण्यात आली. वेस्टमिन्स्टर ॲबीचे चॅप्टर हाउस दीर्घकाळ सरकारी दप्तरखाना होते. तेथील लाकडी तक्तपोशीखाली झाकलेली तेराव्या शतकातील फरशी त्यांच्या जीर्णोद्धारामुळे पुन्हा दृष्टीस पडली. त्यांच्याइतका मध्ययुगीन बांधकामाचा प्रत्यक्ष परिचय असलेले वास्तुविद त्या काळी थोडेच होते. त्यांचा दोष अज्ञानाचा नव्हता. आपल्या ज्ञानावरील अतिविश्वासाचा होता.

मार्च १८७७ मध्ये ट्यूक्सबरी ॲबीचे काम स्कॉट यांच्याकडे जाणार असे समजताच विल्यम मॉरिस यांनी ‘अथेनियम’ पत्रात जाहीर विरोध केला, आणि त्याच वर्षी प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी संस्था स्थापन झाली. जुन्या वास्तूची डागडुजी करावी, तिला गतकाळाचे रूप देऊ नये, ही तिची भूमिका होती.

या वादाचे मर्म पाठचिकित्सेच्या उदाहरणाने आपणांस सहज उमगेल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संपादकांनी प्रक्षिप्त मानलेले श्लोक मुख्य संहितेतून काढले, परंतु तळटीपांत व परिशिष्टांत ते जपून ठेवले. संपादकाचा निर्णय चुकला असल्यास पुढील अभ्यासक तो फिरवू शकतो. छिन्नीने काढलेल्या दगडास तळटीप नसते. जीर्णोद्धारित चर्च पुरावा म्हणून वापरताना त्याच्या भिंतीवर दोन काळांचे हस्ताक्षर आहे हे संशोधकाने ध्यानी घ्यावे, आणि प्रथम दुसऱ्याची तारीख निश्चित करावी.