कोराडीची वीज आणि टेपवरचा निरोप

नागपूरच्या उत्तरेला, जगदंबेच्या देवस्थानामुळे पूर्वापार ओळखल्या जाणाऱ्या कोराडीत १९७४ साली औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला. अशा केंद्रांचे उपकेंद्रांशी बोलणे बराच काळ वीजवाहिनीतूनच चाले. आवाज उच्च वारंवारितेच्या लहरींवर चढवून त्याच तारांत सोडला जाई आणि वेव्ह ट्रॅप नावाचे जाड वेटोळे त्या लहरींना यार्डातील यंत्रांकडे जाण्यापासून अडवी. नियंत्रण कक्षात तिन्ही पाळ्यांत माणूस हजर असल्याने आलेला निरोप लॉगबुकात उतरे आणि उत्तर देणाऱ्या यंत्राची तिथे गरजच नव्हती.

घरगुती फोनची गोष्ट वेगळी; घरी कोणी नसले की निरोप घेणार कोण? डॅनिश अभियंता वाल्डेमार पौल्सन याने १८९८ मध्ये पोलादी तारेवर आवाज चुंबकत्वाच्या रूपाने साठवला तो फोनवरचे निरोप टिपण्याच्याच हेतूने. तारेची जागा पुढे लोहाच्या ऑक्साइडचा लेप दिलेल्या फितीने घेतली. फोनला उत्तर देणाऱ्या दोन कॅसेटींच्या यंत्रात घंटीचा प्रत्यावर्ती प्रवाह ओळखला जाताच रिले मिटतो, लाइनमधून एकदिश प्रवाह वाहू लागतो आणि एक्स्चेंजला रिसीव्हर उचलला गेला असे वाटते. मग सलग वेटोळ्याच्या पहिल्या फितीवरचे मालकाचे निवेदन वाजते; फितीला चिकटवलेला धातूच्या पत्र्याचा तुकडा संपर्कबिंदूशी आला की ती थांबते, 'बीप' होतो आणि दुसरी कॅसेट फिरू लागते. तिच्यावरचा जुना निरोप आधी इरेज हेड पुसते, लगोलग रेकॉर्डिंग हेड नवा उमटवते. काही सेकंद शांतता राहिली किंवा ठरलेली वेळ संपली की यंत्र लाइन सोडते.

साध्या फोनला लागणारी वीज एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीतून येते, या यंत्राला मात्र घरचा प्लग लागे. त्यामुळे भारनियमनात फोन वाजे आणि यंत्र गप्प राही. तरीही आपल्याकडे ते फारसे न रुजण्याचे खरे कारण दुसरेच असावे. जोडणीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहावे लागत असल्याने अनेकांच्या व्हिजिटिंग कार्डावर 'पी.पी.' अशा खुणेने शेजाऱ्याचाच नंबर छापलेला असे, आणि निरोप सांगायला तो शेजारी जिना चढून येई. स्वतःचा फोन मिळाला तरी एकत्र कुटुंबात तो उचलायला कोणीतरी असेच. आणि फोन सर्रास झाले तोवर मोबाइल आला होता.