नावाला दोन बाय चार

अमेरिकेतल्या कोणत्याही वखारीत 'दोन बाय चार'चे लाकूड मागा. हाती येते ते दीड बाय साडेतीन इंचांचे. नावाप्रमाणे छेद ८ चौरस इंचांचा, प्रत्यक्षात सव्वापाच. पैसे मात्र नावाच्या मापाने मोजायचे. वरवर पाहता ही लबाडीच वाटते. तिच्यामागे शंभर वर्षांची तडजोड आहे.

ओले लाकूड वाळताना जाडी-रुंदीत आकसते, रंधा मारताना आणखी झिजते. जवळची जंगले संपत गेली तसे दक्षिणेतले आणि पॅसिफिक किनाऱ्यावरचे लाकूड रेल्वेने दूरवर जाऊ लागले. भाडे वजनावर असल्याने गिरण्या माल वाळवून, तासून पाठवू लागल्या. किती तासायचे, हे मात्र ज्याचे तो ठरवी.

वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूवर यांच्या पुढाकाराने १९२४ मध्ये पहिले राष्ट्रीय प्रमाण ठरले. आपले सुतार इंचाचे आठ सूत मोजतात. त्या भाषेत सांगायचे तर 'दोन बाय चार' आता एक इंच पाच सूत बाय तीन इंच पाच सूत झाले. १९७० च्या प्रमाणाने दोन्हीकडून आणखी एकेक सूत काढले आणि १९ टक्के किंवा त्याहून कमी ओलावा असलेले लाकूड 'कोरडे' ठरवले.

ही सुते खटकतात ती घराला लाकडी ओटा, म्हणजे डेक, जोडताना. '२ बाय ८'चा जुना वासा साडेसात इंच रुंद, नवा सव्वासात. त्यात डेकचे लाकूड वाळवी-बुरशीपासून वाचवण्यासाठी रसायनाच्या पाण्यात मुरवलेले. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे असे मिश्रण सोंटी कामेसन यांनी १९३३ मध्ये देहराडूनच्या वन संशोधन संस्थेत शोधले. अमेरिकी डेक कित्येक वर्षे त्याच्याच भरवशावर टिकले. पाण्याने लाकूड फुगते आणि एकाच गठ्ठ्यातले वासे कमी-अधिक आकसतात. म्हणून जाणता सुतार प्रत्येक वासा मोजून घेतो. सगळ्यांच्या वरच्या कडा दोरीला लावतो. जास्त रुंद वाशाला तुळईवर टेकतो तिथे खालून खाच घेतो, कमी असेल त्याखाली पाचर सारतो.

प्रमाणामुळे एका प्रांताचे लाकूड दुसऱ्या प्रांतात चालू लागले, हा लाभ मोठाच. पण कागदावरचे माप आणि हातातले ओले लाकूड यांतली तफावत आजही सुतारच मिटवतो. त्याच्या या मजुरीची नोंद कोणत्याच प्रमाणात नाही.