वाघाचा घाव मानेवरच का?

चंद्रपूर : उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपाने वेचण्यासाठी चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील गावकरी जंगलात जातात. वाघ मोठ्या भक्ष्याचा गळा, तर लहान भक्ष्याची मानगूट पकडतो. वाकलेल्या माणसाची मानगूट त्याच्या जबड्याच्या उंचीवर येते.

मानेला बरगड्यांसारखे कवच नाही. पुढे स्वरयंत्र व श्वासनलिका, त्यामागे अन्ननलिका आणि दोन्ही बाजूंस मेंदूला रक्त पोचविणाऱ्या धमन्या असतात. मागे सात मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. मानेतील तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या मज्जातंतूंपासून श्वासपटल हलविणारी नस तयार होते. त्यांच्या वर मज्जारज्जू तुटल्यास श्वास तत्काळ बंद पडतो. स्वरयंत्राच्या नसेला इजा झाल्यास वाचलेल्या माणसाचाही आवाज घोगरा होतो.

म्हणूनच एकट्याने वाकून वेचणे टाळावे. गटातील एकाने उभे राहून चौफेर नजर ठेवावी. जखमीची मान वळवू नये. रक्तस्रावाच्या जागी स्वच्छ कापड दाबून धरावे, मात्र गळ्याभोवती आवळून बांधू नये. पाणी न पाजता त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.