तलकाडूची वाळू (तळटीप)

तापल्या वाळूत प्रवाशांचे पाय जिथे पोळले ते गाव तलकाडू : मैसूर जिल्हा, बंगळुरूपासून सुमारे १३० किलोमीटर. भातशेतीच्या मुलखात हे वाळवंट आले कुठून, याचा खुलासा मूळ प्रवासवर्णनात नाही. कावेरी इथे मोठे वळण घेते. पाणी ओसरले की पात्र उघडे पडते आणि वारा त्यातली वाळू काठावर आणून ओततो.

गंग घराण्याची ही राजधानी पुढे चोळांकडे गेली. ती जिंकल्यावर होयसळ विष्णुवर्धनाने बाराव्या शतकाच्या आरंभी कीर्तिनारायणाचे मंदिर उभारले. कालांतराने देवळेच्या देवळे वाळूखाली गेली. पाताळेश्वराच्या दर्शनाला आजही पायऱ्या उतराव्या लागतात.

लोककथा मात्र बोट दाखवते श्रीरंगपट्टणच्या सुभेदाराची पत्नी अलमेलम्मा हिच्याकडे. १६१० मध्ये मैसूरच्या राजा वडेयर यांनी श्रीरंगपट्टण घेतले, दागिन्यांसाठी माणसे तिच्या मागे लागली, आणि ‘तलकाडूची वाळू होवो’ असा शाप देऊन तिने कावेरीत उडी घेतली. (कथा वाऱ्याच्या खुलाशापेक्षा रंगतदार, हे कबूल.)

प्रवासवर्णनातला ‘बीच’ म्हणजे नदीकाठच. रविवारी इथे बंगळुरूची कुटुंबे गुडघाभर पाण्यात बसलेली असतात, शेजारून बांबूच्या गोल होड्या फिरतात. पाणी उथळ दिसते, पण त्याचा भरवसा धरू नये. अलमेलम्माच्या त्याच शापात पलीकडच्या मालंगी गावाच्या वाट्याला डोह आला आहे.